आपाचे हात आणि बीबींचा उंबरा

नणंद-भावजयीचं सख्य विळ्या-भोपळ्याचं, असं म्हणतात. आमचंही काही वेगळं नव्हतं. आपा माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात तिने माझ्या शिलाईला नावं ठेवली, मी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली, आणि तिथून जी जुंपली ती जुंपलीच. पण वस्तीतली एखादी बाई गेली की बांगी चाचा, म्हणजे आमच्या मशिदीत अजान देणारे म्हातारबुवा, दारावर थाप मारायचे. मग भांडण होतं तिथे टाकून आम्ही दोघी निघायचो. आपा मेलेल्या बायकांना शेवटची अंघोळ घालायची. मी कफन कापायची आणि पाणी ओतायची.

आमच्यात मेलेल्या पुरुषाला पुरुषाने न्हाऊ घालायचं आणि बाईला बाईने. घरच्यांचा हक्क पहिला. पण घरच्यांना भीती वाटते, किळस येते, रडू आवरत नाही. कारण काही का असेना, शेवटी बाहेरचं कुणीतरी लागतंच. आपा पोटासाठी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. नवरा बांधकामावरून पडून गेला तेव्हा तिची लेक मैना अंगावर पीत होती, त्यामुळे ती नोकरी सुटणं परवडणारं नव्हतं. तरीही बांगी चाचा आले की मुकादमाच्या शिव्या खाऊन ती निघायची. मयताचे पैसे तिने कधी घेतले नाहीत. मी एकदा म्हणाले, "आपा, निदान येण्याजाण्याचं तरी घे." तर म्हणाली, "घेतलं की मग कुणाचं काम आधी, कुणाचं नंतर, हे सुरू होतं. तू कापड कापायला बस."

तिचं काम बघण्यासारखं होतं, जर असलं काम कुणी बघत असेल तर. अंगावरची चादर ती कधी काढू देत नसे. हाताला कापड गुंडाळून चादरीखालूनच धुवायची. आधी हात, तोंड, पाय, जशी नमाजाची तयारी करतात तशी. मग डोकं. मग उजवी बाजू, मग डावी. शेवटच्या पाण्यात कापूर. केसांच्या तीन वेण्या घालून मागे सोडायची. पाणी फार गार असलं तर मला ओरडायची. मी म्हणायची, "अगं, तिला आता काय कळतंय?" ती म्हणायची, "दुखतं असं धरून चालायचं. चुकलो तर आपलं काय जातंय?"

एकदा एका कारखानदाराची आई गेली. घरच्यांनी कफनासाठी रेशीम आणून ठेवलं होतं. आपाने ते घडी करून परत दिलं आणि माझ्याकडे हात केला, म्हणजे काप नेहमीचं पांढरं. सून चिडली. आपा शांतपणे म्हणाली, "काल मशिदीच्या याच न्हाऊ घालायच्या तख्त्यावर बाजारातल्या पायऱ्यांवर झोपणारी म्हातारी होती. तिला हेच कापड लागलं. आपण सगळे एका आईबापाची लेकरं आणि ते आईबाप मातीचे. मातीला रेशीम काय कळतंय?" सुनेने रेशीम उचलून आत नेलं. माझ्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं, जसं काही ते मीच म्हणाले होते.

आणि एक नियम होता. अंघोळ घालताना जे दिसेल ते तिथेच ठेवायचं. कुणाच्या अंगावर माराचे वळ असतात, कुणाच्या पोटावर लपवलेली शस्त्रक्रिया, कुणाचा चेहरा नको तसा झालेला असतो. मेलेल्याचं झाकावं, म्हणजे देव आपलं झाकतो, अशी शिकवण. वस्तीतल्या साळकाया-माळकाया गोड बोलून विचारायच्या, "काय गं, खरंच तापाने गेली का?" आपा म्हणायची, "अंगावर चादर होती, बाई. मला नाही दिसलं." मीसुद्धा त्याच नियमाने तोंड शिवून ठेवलं. माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल, हे मला ओळखणाऱ्यांना विचारा.

आता हातांचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. मयताहून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय आपा कुणाच्या लेकराला हात लावत नसे. हा तिचा स्वतःचा रिवाज, लोकांना कसंसं वाटू नये म्हणून. वाटेत कुणी पोर तिच्याकडे झेपावलं तर ती हात मागे बांधून मान हलवून हसायची. वर्षानुवर्षं लोकांनी ते पाहिलं आणि त्यांनी भलताच अर्थ काढला. बाईच हात मागे घेते, म्हणजे हातात काहीतरी असणार. पुढे पुढे तिने अंघोळ केली काय न केली काय, बायका लेकरं पदराआड घ्यायला लागल्या. लग्नाच्या घरी तिला कुणी पीठ मळायला बसवेना. बाळंतिणीच्या खोलीत तर तिचं नावही काढेनात. शुक्रवारी मौलवीसाहेब भोंग्यावरून सांगायचे की माणसं सगळी सारखी, गोऱ्याला काळ्यावर आणि थोराला सामान्यावर मान नाही, मान फक्त नीट वागणाऱ्याला. सगळे माना डोलवायचे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय?

आपा कधी कुरकुरली नाही. मी तिच्या वाटची कुरकुरायची.

मैना मोठी झाली. नावाप्रमाणेच बडबडी. औषधांच्या दुकानात काउंटरवर कामाला होती. तिथे औषधं पोचवणाऱ्या कंपनीतला एक मुलगा यायचा. त्याचं तिच्यावर मन बसलं. मुलगा सरळ, पण घर मोठ्या बीबींचं. मोठ्या बीबी म्हणजे त्याची आई, नाकावर माशी बसू न देणारी बाई. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर सोनेरी चौकटीत वंशावळ टांगलेली, आपण किती थोर माणसाच्या पोटचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावं म्हणून. आता वंशावळ वर वर नेत गेलं तर सगळ्यांचीच एकाच ठिकाणी पोचते. पण हे त्या घरात कोण बोलणार?

बीबींनी आधी साफ नाही म्हटलं. मुलाने जेवण सोडलं. नवरा गेलेली बाई, एकच मुलगा उरलेला. शेवटी हो म्हणाल्या. त्यांना थोरली लेक होती, पण ती काही वर्षांपूर्वी माहेरी बाळंतपणाला आली आणि बाळासकट गेली. बाहेर सांगितलं, ताप डोक्यात गेला. तिला आपानेच न्हाऊ घातलं होतं. पाणी मी ओतत होते. बीबी त्या दिवशी भिंतीला टेकून आपाच्या हातांकडे एकटक बघत बसल्या होत्या. त्यानंतर रस्त्यात आपा दिसली की त्या बाजू बदलायच्या. आता त्याचं कारण मला कळतं. कळतं म्हणजे माफ केलं असं कुणी समजू नये.

लग्न झालं. आपाला बोलावलं, बसवलं, पण ताट बाहेरच्या खोलीत. विहीण म्हणून एकदाही हाक नाही. "मैनाची आई" म्हणायच्या, तेही तिसऱ्याच कुणाकडे बघून. मैनेला दिवस राहिले तेव्हा निरोप आला, की बाळ सुखरूप होईपर्यंत आईने घरी येऊ नये. मयताचे हात नकोत. मैना फोनवर रडली, भांडली, म्हणाली मीच तिकडे येते. आपाने तिची समजूत काढली. "नांदायचं तुला तिथे आहे. थोडे महिने. मग बाळाला घेऊन ये." मी शेजारी बसून दात-ओठ खात होते. आपाला म्हणाले, "तुझ्या जागी मी असते तर त्या वंशावळीची चौकट त्यांच्या गळ्यात घातली असती." ती म्हणाली, "म्हणून तुझ्या जागी तू आहेस."

शेवटचे महिने लागले तसा मैनेचा फोनवरचा सूर बदलला. बडबड कमी झाली. डोकं दुखतंय म्हणायची. डोळ्यांपुढे चमकतं म्हणायची. एकदा हसत म्हणाली, "अम्मा, मी हत्तीण झालेय. चप्पल पायात जात नाही, अंगठी बोटातून निघत नाही. सासूबाई म्हणतात मुलगा असला की असंच होतं."

आपाच्या हातात माझ्या शिलाईच्या दुकानातली ओढणी होती. ती खाली पडली. फोन ठेवून ती म्हणाली, "ऐकलंस?"

मी ऐकलं होतं. असे पाय मी तख्त्यावर पाहिले होते. सुजून गुळगुळीत झालेले, दाबलं की बोटाचा खड्डा तसाच राहणारे. पापण्या फुगलेल्या, जीभ दातांखाली चावलेली. बाळंतपणाच्या आधी झटके येऊन गेलेल्या बायका होत्या त्या. एक नाही. आणि त्यातली एक मोठ्या बीबींची थोरली लेक.

"जावयाला फोन लाव," मी म्हणाले.

जावई कामानिमित्त दुसऱ्या शहरात होता. म्हणाला, "अम्मीशी बोलतो." परत फोन केला तर म्हणाला, "अम्मी म्हणतात दिवस भरत आले की सूज येतेच. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे न्यायचंच आहे. तुम्ही काळजी करू नका." आईच्या शब्दाबाहेर जायची त्याला सवय नव्हती. एकदा जेवण सोडून त्याने आयुष्यभराची हिंमत वापरून टाकली होती.

आपा मौलवीसाहेबांकडे गेली. मी बरोबर होतेच. मौलवीसाहेब भला माणूस, आपाला पाहून उठून उभे राहिले, पाणी दिलं. सगळं ऐकून म्हणाले, "तुमचे हात तर पुण्याचे हात. अशुभ-बिशुभ आपल्यात काही नाही. माणसाचा देह जिवंतपणी जितक्या मानाचा तितकाच मेल्यावर."

"हे तुम्ही बीबींना येऊन सांगा," आपा म्हणाली. "आत्ता. मला आत नका घेऊ म्हणावं, पण पोरीला इस्पितळात न्या."

ते दाढीवरून हात फिरवत राहिले. घरातली गोष्ट, बायकांची गोष्ट, बीबींच्या सासऱ्यांनीच मशिदीला जागा दिलेली. "मी असं करतो," ते म्हणाले, "शुक्रवारी याच विषयावर बोलतो. कुणाचं नाव न घेता. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागेल."

शुक्रवारी ते खरंच बोलले, आणि काय सुंदर बोलले. एका जिवापासून सगळे जीव, टोळ्या आणि कुळं केवळ एकमेकांची ओळख पटावी म्हणून. पुरुष डोळे पुसत बाहेर आले. मला खरं तर तिथेच रस्त्यात बसून बोंब मारावीशी वाटत होती. कारण ते शब्द खरे होते, एकेक शब्द खरा होता, आणि मैनेच्या पायांची सूज त्याने तसूभरही उतरणार नव्हती. बीबींच्या घरून मौलवीसाहेबांना जेवणाचा डबा गेला, वाज, म्हणजे प्रवचन, फार आवडलं म्हणून.

त्याच दुपारी मैनेने फोन उचलला नाही. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा कुणीतरी कापला. आपा उठली. धुलाईखान्याचे ओले कपडे तसेच अंगावर होते. मी दुकानाचं शटर ओढलं आणि तिच्या मागे धावले. नाक्यावरून गाडी केली.

बीबींचं दार लोखंडी, जाळीचं. आपाने कडी वाजवली. बीबी स्वतः आल्या, पण जाळी उघडली नाही. मागे जिन्यावरून मैनेचं कण्हणं ऐकू येत होतं.

"बीबी, मी आत येत नाही," आपा म्हणाली. "उंबऱ्याला पाय लावत नाही. फक्त तिला गाडीत घाला. मी गाडी आणलीय. मी रस्त्याच्या पलीकडे थांबते, तुम्ही न्या."

"पहिल्या खेपेला असं होतंच," बीबी म्हणाल्या. "तुम्ही उगाच अपशकुन करू नका."

"डोकं दुखतंय तिचं. डोळ्यांपुढे अंधारी येतेय. बीबी, हात जोडते."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं? तुमच्याकडे जिवंत माणूस कधी आलंय?"

आपाने जोडलेले हात खाली घेतले. मला वाटलं आता ही मागे फिरणार. पण ती जाळीच्या अगदी जवळ गेली आणि हळू आवाजात, बीबी आणि मी सोडून कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलली. "बीबी, तुमच्या थोरलीचे पाय असेच होते. मी धुतलेत. तिला ताप नव्हता. तुम्हालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. तिचं झालं तेव्हा मी तोंड उघडलं नाही, मरेपर्यंत उघडणार नाही. पण माझी अजून जिवंत आहे. अल्लाहसाठी, माझी अजून जिवंत आहे."

सगळ्या आयुष्यात आपाने तो नियम तेवढ्या एकदाच मोडला. मी बीबींच्या चेहऱ्याकडे पाहत होते. क्षणभर वाटलं दगडाला पाझर फुटला. डोळे भरले होते त्यांचे, हात कडीवर गेला होता. मग तोच हात त्यांनी मागे ओढला आणि त्या किंचाळल्या. इतक्या मोठ्याने, की समोरच्या गच्चीवरच्या बायका वाकून बघायला लागल्या. "माझ्या मेलेल्या लेकीला दारात आणतेस? एकीला तुझ्या हातांनी नेलंस, आता दुसरीला न्यायला आलीस? चालती हो!"

आतलं लाकडी दार आदळलं.

आपा त्या जाळीला धरून उभी राहिली. मी कडी वाजवली, शिव्या दिल्या, शेजाऱ्यांना हाका मारल्या. शेजारी म्हणाले, मोठ्या घरातलं आहे, आपण कसं पडायचं मध्ये? मी जावयाला फोन केला आणि जे तोंडात आलं ते बोलले. तो रडायला लागला, निघतो म्हणाला. गाडीवाला बिचारा थांबून राहिला. आपा एवढंच म्हणत होती, "मी बोलायला नको होतं. मी न बोलता पाय धरले असते तर उघडलं असतं." मी म्हणाले, "आपा, गप्प बस."

अजान झाली तेव्हा आतून एकदम धावपळ ऐकू आली. मोलकरणीची किंकाळी, काहीतरी पडल्याचा आवाज. मग दार उघडलं आणि मोलकरणीने व दोन शेजाऱ्यांनी मैनेला उचलून आणलं. अंग ताठ, डोळे वर गेलेले, ओठांवर रक्त. आम्ही आणलेल्याच गाडीत तिला घातलं. आपा पुढे झाली तर बीबी आधीच आत शिरून बसल्या होत्या आणि दार लागलं. दुसरी गाडी मिळवून आम्ही पोचलो तोवर तिला आत नेलं होतं.

बाळ वाचलं. मुलगी. मैना शुद्धीवर आलीच नाही.

डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, सकाळी आणली असतीत तर. कुणाला म्हणाली ते तिला ठाऊक नव्हतं. बीबी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. आपा उभ्या उभ्या ऐकत होती आणि तिने डॉक्टरणीला विचारलं, "तिचे डोळे मिटलेत का?" एवढंच.

मयत बीबींच्या घरी नेलं, कारण सून त्यांची. आम्ही आमच्या खोलीवर परतलो. आपाला कुणी "चला" म्हणालं नव्हतं. ती पलंगाच्या कडेला बसली. मी पाणी दिलं, तिने धरलं, प्यायली नाही. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर दारावर थाप पडली. थाप ओळखीची होती. बांगी चाचा दारात उभे होते, आणि इतकी वर्षं "फलाण्याच्या घरी चला" असं सांगणाऱ्या त्या म्हाताऱ्याने आज कुणाचं नाव घेतलं नाही. नुसतं म्हणाले, "पोरी, तिथे कुणी हात लावायला तयार नाही. तुला बोलावलंय."

मला असा संताप आला की डोळ्यांपुढे काही दिसेना. जिवंत होती तेव्हा आईच्या हातांना दार बंद, आणि मेल्यावर दार उघडं. मी म्हणाले, "नाही येत म्हणावं. त्यांच्या वंशावळीतल्या कुणाला तरी बोलवा." आपा उठली, चप्पल घातली, म्हणाली, "कापड घे."

बीबींच्या घरात मागच्या अंगणाला आडोसा करून तख्ता मांडला होता. मैना चादरीखाली होती. बायका दूर ओटीवर बसून होत्या. माडीवरून बाळाचं रडणं येत होतं. मी पाण्यात हात घालून पाहिला, गार नव्हतं. आपाने हाताला कापड गुंडाळलं, तोंडाने काहीतरी पुटपुटली आणि हात पुढे केला. तो चादरीपर्यंत गेला आणि थांबला. तिने परत प्रयत्न केला. परत थांबला. तिने शेकडो बायकांना न्हाऊ घातलं असेल, पण तो हात चादरीखाली जाईना. मी म्हणाले, "सरक, मी करते." तिने मान हलवली आणि वळून ओटीकडे पाहिलं.

"बीबी," ती म्हणाली. "तुम्ही या."

बीबी हलल्या नाहीत.

"घरच्यांचा हक्क पहिला असतो. आईला जमत नाहीये. आता तुम्हीच तिची आई. या. मी सांगते तसं करा."

सगळ्या बायका बीबींकडे बघत होत्या. नाही म्हणायला जागाच नव्हती. त्या उठल्या, भिंतीला धरत आल्या. आपाने आपल्या हाताचं कापड सोडून त्यांच्या हाताला गुंडाळलं. मग ती मैनेच्या उशाशी उभी राहिली आणि सांगत गेली. "आधी हात. मनगटापर्यंत. आता तोंड, हळू. ओठाजवळ जपून, तिथे लागलंय. डोकं धरा, सुटू देऊ नका. आता उजवी कूस." मी पाणी ओतत होते. बीबींचे हात आधी नुसते टेकत होते, मग धुवायला लागले. त्या रडत होत्या, आवाज न करता, पाणी आणि रडणं एकत्र गळत होतं. मी त्यांचा द्वेष करत होते आणि तरीही पाणी त्यांच्या हातावर नीट पडेल अशा बेताने ओतत होते.

पायांपाशी आल्यावर त्या थांबल्या. चादरीखाली त्यांची बोटं मैनेच्या घोट्यावर थबकली. दाबलेला खड्डा त्यांच्या बोटांना कळला असणार. त्यांनी मान वर करून आपाकडे पाहिलं.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आवाज अगदी बारीक. "हे कुणाला सांगू नका."

"मी कुणाचंच सांगत नाही," आपा म्हणाली. "एकदाच सांगितलं होतं. तुम्हाला."

पुढचं नेहमीसारखं झालं. कापूर, वेण्या, कापड. वेण्या आपानेच घातल्या. केसांना तिचा हात लागला, तिथे तो थांबला नाही. मी गाठी बांधल्या. रात्री पोचलेल्या जावयाने आणि बाकीच्या पुरुषांनी जनाजा उचलला आणि वळणावरून तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही दारात उभ्या होतो.

बाळ अजून रडत होतं. मोलकरणीने त्याला खाली आणलं, दूध घेत नाही म्हणाली. सगळ्या बायकांनी बीबींकडे पाहिलं. बीबींचे हात अर्धवट पुढे झाले आणि त्यांना स्वतःच्या हातांची आठवण झाली. त्या तिथेच खिळल्या. आत्ता या हातांनी मयत न्हाऊ घातलं होतं. मग त्या अंगणातल्या नळापाशी गेल्या, तिथला साबण उचलला, कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले, परत आल्या आणि नातीला उचलून छातीशी धरलं. मूल हळूहळू शांत झालं.

आपा दाराच्या चौकटीला टेकून हे बघत होती. तिचा आवाज चढला नाही, की त्यात टोमणा नव्हता. ती खरोखरच विचारत होती, जशी एखादी बाई घरी जाता जाता राहून गेलेली गोष्ट विचारते.

"साबणाने भागत होतं, विहीणबाई? मग मलाही जाळीतून साबण द्यायचा होता. मी बाहेर रस्त्यावरच धुतले असते."